दप्तराची जागा : वर्धा जिल्ह्यातील भूमिअभिलेखांची संगणकप्रणाली आणि तिची स्थानांतरे

भूमिअभिलेखांचा अभ्यास करताना संशोधकाचे लक्ष स्वाभाविकपणेच नोंदींच्या मजकुराकडे जाते. जमीन कोणाच्या नावे होती, आकारणी किती होती, फेरफार केव्हा मंजूर झाला, ह्या गोष्टी तो बारकाईने तपासतो. ते दप्तर ठेवलेले कोठे होते, हा प्रश्न मात्र बहुधा गौण समजला जातो. वस्तुतः दप्तर कोणाच्या हाती होते, त्यातील चूक कोणी दुरुस्त करावयाची आणि त्यासाठी रयतेला किती वाट चालावी लागावयाची, हे पुष्कळ अंशी दप्तराच्या जागेवरूनच ठरत आले आहे. कागद जाऊन संगणक आला म्हणजे जागेचा प्रश्नच उरत नाही, अशी एक समजूत आज रूढ आहे. ही समजूत इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही, असे दाखविण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

वेब ॲप्लिकेशन सर्व्हरवर कोठे बसवावे, हा संगणकतज्ज्ञांच्या नित्य व्यवहारातील प्रश्न होय. त्याला दोन बाजू आहेत. एक, सर्व्हर कोणत्या गावी व कोणत्या कार्यालयात असावा. आणि दुसरी, त्या सर्व्हरच्या आत प्रणाली व तिची माहिती ह्यांना कोणता कप्पा द्यावा. ह्या दोन्ही बाजूंचा विचार करण्यास वर्धा जिल्ह्याइतके सोयीचे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण. कारण भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाचा देशातील पहिला प्रयोग ज्या आठ जिल्ह्यांत झाला, त्यांत महाराष्ट्रातून वर्ध्याची निवड झाली होती. विवेचन हवेत राहू नये म्हणून ह्या जिल्ह्यातील केळझर हे गाव आपण डोळ्यांसमोर ठेवू आणि तेथील शेतकऱ्याच्या दृष्टीने दप्तर कसकसे सरकत गेले, ते पाहू.

१

केळझर हे वर्धा–नागपूर रस्त्यावरील जुने गाव. वर्ध्यापासून ते सुमारे २६ किलोमीटरांवर आहे. जुन्या किल्ल्याचे अवशेष आणि सिद्धिविनायकाचे देवालय ह्यांमुळे त्याची प्रसिद्धी आहे. महाभारतातील एकचक्रनगरी ती हीच, अशी स्थानिक परंपराही आहे. महसुली इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व वेगळे आहे. एकच गाव न हलता किती निरनिराळ्या दप्तरव्यवस्थांखाली आले, हे येथे नीट दिसते.

वर्धा जिल्हा नागपूर जिल्ह्यातून १८६२ मध्ये वेगळा काढण्यात आला. त्याचे मुख्य ठाणे आरंभी पुलगावजवळील कवठा येथे होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी येथे, म्हणजे आजच्या वर्धा शहराच्या जागी, आणण्यात आले. वर्धा, आर्वी व हिंगणघाट ह्या जिल्ह्याच्या तीन जुन्या तहसिली होत. मध्य प्रांतातील मालगुजारी व्यवस्थेत खसरा, जमाबंदी व गावनकाशा हे कागद पटवारी सांभाळीत असे. गावाची नित्य बदलणारी माहिती पटवाऱ्याच्या बस्त्यात राहावयाची, तिची तपासणी वरिष्ठ कामगारांनी करावयाची आणि पूर्ण झालेले कागद मुख्य ठाण्याच्या अभिलेखागारात जमा व्हावयाचे, असा हा क्रम होता. चालू कागद गावाशी आणि स्थिर झालेला कागद ठाण्याशी, ही विभागणी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे तिचे काम पडणार आहे.

मालगुजारी हक्क नष्ट करणारा कायदा १९५० मध्ये झाला आणि १९५१ मध्ये तो अमलात आला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. अधिकार-अभिलेखाविषयीचे नियम १९७१ मध्ये करण्यात आले. गाव नमुना सात व बारा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला सातबारा, ह्या चौकटीत विदर्भातही स्थिरावला. ह्या संहितेतील तीन कलमे आपल्या विषयाशी निगडित आहेत. कलम १५० प्रमाणे तलाठ्याने फेरफाराची नोंद केल्यावर तिची प्रत चावडीत ठळक जागी लावावयाची, संबंधितांस कळवावयाचे आणि आलेल्या हरकतींची नोंद करावयाची. कलम १५५ मध्ये लेखनप्रमादांच्या दुरुस्तीची तरतूद आहे. कलम १५७ प्रमाणे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावयाची. म्हणजे नोंदीच्या खरेपणाचे गृहीतक चावडीतील जाहीर प्रसिद्धीवर उभारलेले आहे. जागेचा विचार कायद्यातच अंतर्भूत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

२

१९८८–८९ मध्ये केंद्र शासनाने भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना पूर्णतः आपल्या खर्चाने, प्रायोगिक तत्त्वावर हाती घेतली. आंध्र प्रदेशातील रंगारेड्डी, आसामातील सोनितपूर, बिहारमधील सिंगभूम, गुजरातेतील गांधीनगर, मध्य प्रदेशातील मुरैना, महाराष्ट्रातील वर्धा, ओरिसातील मयूरभंज आणि राजस्थानातील डुंगरपूर हे ते आठ जिल्हे होत. यंत्रे, प्रणाली व प्रशिक्षण ह्यांची जबाबदारी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे सोपविण्यात आली. हे केंद्र १९७६ मध्ये स्थापन झाले होते आणि १९८० नंतरच्या दशकात उपग्रहाच्या साहाय्याने जिल्ह्याची ठाणी जोडणारे जाळे त्याने उभारले होते.

ह्या पहिल्या अवस्थेत प्रयोगाचा घटक जिल्हा हा होता. ते त्या काळी अपरिहार्यही होते. यंत्रे महाग व थोडी, ती चालविणारे त्याहून थोडे, आणि वातानुकूलित खोली व भरवशाची वीज ह्यांची सोय झालीच तर जिल्ह्याच्या ठाणी व्हावयाची. त्यातच लिपीचा प्रश्न होता. देवनागरी मजकूर संगणकात भरण्याची सोय नुकतीच आकारास येत होती. भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की संकेतप्रणालीला भारतीय मानकाचे रूप १९९१ मध्ये मिळाले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. आरंभीच्या काळात भरलेली नावे पुढे एका संकेतातून दुसऱ्यात आणणे, हे भारतीय भाषांतील सर्वच जुन्या माहितीसाठ्यांपुढचे काम ठरले.

परिणामी केळझरच्या दप्तराला दोन घरे झाली. कायद्याने खरे मानलेले कागद तलाठ्याकडे, आणि त्यांची संगणकीय नक्कल दूर ठाण्यात. फेरफार होई तो गावी. नक्कल ताजी राहावयाची तर प्रत्येक फेरफार पुन्हा ठाण्यात पोचवून भरावा लागे. निधी पोचण्यास विलंब, गरजेनुरूप प्रणाली तयार होण्यास विलंब, महसूल कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची अपुरी सोय आणि माहिती भरण्यासाठी मनुष्यबळाचा अभाव, अशा अडचणी ह्या योजनेत देशभर आढळून आल्या. त्यांपैकी काही पैशाच्या होत्या, काही माणसांच्या. परंतु त्यांच्या मुळाशी जागेची एक अडचण होती. नोंद जेथे जन्मते त्या जागेपासून यंत्र दूर होते, आणि त्या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे कागद वाहून नेणारा माणूस होता.

३

ही अडचण ओळखूनच १९९७–९८ मध्ये योजना तहसील पातळीवर नेण्यात आली. तहसील कार्यालयातच संगणक ठेवावयाचा, तेथेच माहिती भरावयाची व तेथूनच लोकांना उतारे द्यावयाचे, असे धोरण ठरले. पूर्वीच्या वर्धा तहसिलीतील केळझर आता सेलू तालुक्यात मोडते, आणि सेलू हे वर्ध्याच्या वाटेवरच आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने दप्तर एक मुक्काम जवळ आले.

ह्या व्यवस्थेचे गुण उघड आहेत. माहिती आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार असलेला अधिकारी एकाच आवारात आले. परंतु तिच्या पोटी एक नवा दोषही होता. प्रत्येक तहसिलीत प्रणालीची स्वतंत्र प्रत व माहितीचा स्वतंत्र साठा. प्रणालीत सुधारणा करावयाची तर ती प्रत्येक ठिकाणी जाऊन बसवावयाची. राखीव प्रत काढण्याची दक्षता प्रत्येक कार्यालयाच्या शिस्तीवर अवलंबून. चकती बिघडली आणि राखीव प्रत नसली, तर साठाच जावयाचा.

शेजारच्या कर्नाटकाने ह्याच अवस्थेत ‘भूमी’ प्रकल्प राबविला. २००२ पर्यंत तेथील १७७ तालुक्यांत संगणकीकृत उतारे मिळू लागले आणि हस्तलिखित उतारा ग्राह्य धरणे बंद करण्यात आले. त्या प्रकल्पाचे यश यंत्र तालुक्यात ठेवण्याइतकेच, दोन समांतर दप्तरे चालू न ठेवण्याच्या निश्चयात होते. दोन घरांचे दप्तर कोणत्याच घरी खरे राहत नाही, हा वर्ध्याच्या पहिल्या प्रयोगाचाही निष्कर्ष म्हणता येईल.

यंत्र गावाजवळ नेले म्हणजे काम होतेच, असेही नाही. कोल्हापूर–सांगली भागातील वारणा परिसरात १९९८ मध्ये सुमारे ७० गावांना संगणकांनी सहकारी संस्थेशी जोडण्याचा प्रकल्प झाला. तेथे यंत्रांचा मुख्य उपयोग ऊसउत्पादकांच्या हिशेबासाठी होत राहिला आणि पुढे काही गावांत तेच काम साध्या मोबाईलच्या लघुसंदेशांनी करून पाहण्यात आले. शेतकऱ्याला यंत्र जवळ हवे होते असे नव्हे. त्याला आपला आकडा जवळ हवा होता. यंत्राची जागा आणि सेवेची जागा ह्या भिन्न गोष्टी आहेत, हे येथे प्रथम स्पष्ट झाले.

४

ही भिन्नता प्रत्यक्षात आणणारे साधन म्हणजे वेब ॲप्लिकेशन होय. टिम बर्नर्स-ली ह्यांनी जिनीव्हाजवळील सर्न ह्या संस्थेत १९९० च्या अखेरीस पहिला वेब सर्व्हर चालविला. १९९३ मध्ये सर्व्हरकडून एखादी प्रणाली चालवून तिचे उत्तर वाचकाकडे धाडण्याची सीजीआय ही रीत रूढ झाली. अपाचे हा सर्व्हर १९९५ चा. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले तेही १५ ऑगस्ट १९९५ रोजी. प्रणाली एका जागी आणि तिचा वापर सर्वत्र, ही शक्यता अशा रीतीने निर्माण झाली.

येथे प्रश्नाची दुसरी बाजू, म्हणजे सर्व्हरच्या आतील जागा, विचारात घेणे अगत्याचे आहे. इतिहासाच्या अभ्यासकास ती परकी वाटेल. परंतु ती अभिलेखागाराच्या फडताळांहून फारशी निराळी नाही. संगणकातील फायली डिरेक्टरी नावाच्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात. युनिक्स प्रणालीत ह्या कप्प्यांची रचना १९७० नंतरच्या दशकात सोयीसोयीने होत गेली. त्या परंपरेतील लिनक्ससाठी कप्प्यांचे एक मानक फेब्रुवारी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले; पुढे ते फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड ह्या नावाने विस्तारले आणि त्याची तिसरी आवृत्ती २०१५ मध्ये निघाली.

ह्या मानकाच्या मुळाशी दोन भेद आहेत. एक, स्थिर फायली व बदलत्या फायली. दुसरा, अनेक यंत्रांत सामायिक होऊ शकणाऱ्या फायली व एका यंत्रापुरत्या फायली. तयार प्रणाली स्थिर व सामायिक; म्हणून तिची जागा ‘यूएसआर’ ह्या शाखेत. स्थानिक व्यवस्थापकाने स्वतः बसविलेली प्रणाली त्यातील ‘लोकल’ ह्या कप्प्यात आणि बाहेरून आणलेली स्वयंपूर्ण प्रणाली ‘ऑप्ट’ ह्या कप्प्यात. जुळणीचे तपशील ‘ईटीसी’ ह्या कप्प्यात. नित्य बदलणारी माहिती व कामकाजाची रोजनिशी ‘व्हार’ ह्या शाखेत. २००४ च्या आवृत्तीत ‘एसआरव्ही’ हा आणखी एक कप्पा आला. त्या यंत्राकडून बाहेर पुरविल्या जाणाऱ्या माहितीसाठी तो राखलेला आहे. व्यवहारात पुष्कळ लिनक्स-वितरणांनी वेबची पाने ‘व्हार’ शाखेतच ठेवण्याची प्रथा चालू ठेवली, त्यामुळे ह्या विषयावर एकमत झालेले नाही. एका नियमाबद्दल मात्र मतभेद नाही. वेब सर्व्हर जो कप्पा बाहेर दाखवितो, त्यातील फाइल पत्ता ठाऊक असणाऱ्या कोणालाही मागविता येऊ शकते. म्हणून तेथे बाहेर दाखविण्याजोगे तेवढेच ठेवावे. मूळ माहितीसाठा, परवलीचे शब्द व जुळणीचे तपशील त्याच्याबाहेर असावेत, आणि सर्व्हरला त्या कप्प्यांत लिहिण्याची मुभा गरजेपुरतीच द्यावी. प्रणाली, जुळणी व माहिती वेगळ्या ठेवल्या म्हणजे नवी आवृत्ती बसविताना नोंदींस धक्का लागत नाही, आणि नोंदींची राखीव प्रत स्वतंत्रपणे काढता येते.

मध्य प्रांताच्या दप्तरव्यवस्थेतील विभागणी आता पुन्हा आठवावी. नमुन्याची चौकट सर्व राज्यास एकच, म्हणजे स्थिर व सामायिक. नोंद गावाची, म्हणजे बदलती व स्थानिक. चालू कागद पटवाऱ्याच्या बस्त्यात आणि पूर्ण झालेला अभिलेखागारात, हा नियम व वरील मानक ह्यांचा परस्परांशी काही ऐतिहासिक संबंध नाही. तथापि दोन्हींना एकाच गरजेने जन्म दिला आहे : जे वेगवेगळ्या गतीने बदलते, ते एका कप्प्यात ठेवू नये. तहसिलीतील व्यवस्थेचा दोष नेमका हा होता की तेथे स्थिर प्रणाली व बदलती नोंद एकाच यंत्राला, एकाच खोलीला बांधलेल्या होत्या.

५

राष्ट्रीय ई-शासन योजनेस २००६ मध्ये मान्यता मिळाली आणि २००८ मध्ये राज्यांनी आपापली डेटा केंद्रे उभारण्याची योजना मंजूर झाली. त्याच वर्षी संगणकीकरणाची जुनी योजना राष्ट्रीय भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमात विलीन करण्यात आली. २०१६ पासून ती डिजिटल इंडिया कार्यक्रमाचा भाग आहे. महाराष्ट्राचे डेटा केंद्र मुंबईत उभे राहिले. तहसिलीतील साठे एकत्र आणण्याचे काम सुरू झाले, ई-फेरफार ही प्रणाली आली आणि महाभूलेख ह्या संकेतस्थळावर सातबारा पाहता येऊ लागला. त्या स्थळावर बराच काळ प्रथम महसूल विभाग निवडावा लागे. केळझरच्या शेतकऱ्याने नागपूर विभाग, मग वर्धा जिल्हा, सेलू तालुका व शेवटी गाव, असे उतरत जावयाचे. जुन्या प्रशासनाची उतरंड अशी पडद्यावरही टिकून होती.

केळझरचे दप्तर आता सहाशे किलोमीटरांहून दूर गेले आणि त्याच वेळी शेतकऱ्याच्या हाताशी आले. ह्यात विरोधाभास नाही. कारण दूर गेले ते यंत्र, जवळ आला तो उतारा. प्रणालीची प्रत एक झाल्याने सुधारणा एकदाच करावयाची राहिली आणि राखीव प्रतीची जबाबदारीही एका जागी आली. उलट बाजूस, पूर्वी एका तहसिलीचे यंत्र बंद पडले तर एका तालुक्याचे काम थांबे. आता मध्यवर्ती सर्व्हर मंदावला की सर्व तालुक्यांचे काम एकदम मंदावू लागले. हा लाभ आणि ही जोखीम एकाच निर्णयाची फळे आहेत.

परंतु सर्वांत बोधप्रद घटना २०१७ ची आहे. संगणकीकृत नोंदी व हस्तलिखित नोंदी ह्यांचा मेळ बसविण्यासाठी त्या वर्षी राज्यभर चावडीवाचनाची मोहीम घेण्यात आली. संगणकातील सातबारा गावी आणावयाचा, खातेदारांसमोर मोठ्याने वाचावयाचा, हरकती नोंदवून घ्यावयाच्या आणि मग मध्यवर्ती साठ्यात दुरुस्ती करावयाची, अशी तिची रीत होती. नोंद कोठेही साठविलेली असो, तिचा खरेपणा तपासण्याची जागा चावडीच राहिली. ह्यानंतर १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उपलब्ध करून देण्यात आला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेख व स्वाक्षरी ह्यांस मान्यता दिलेली असल्याने उताऱ्याच्या अधिकृतपणासाठी कार्यालयाच्या शिक्क्याची आवश्यकता उरली नाही. वाचन आधी आणि स्वाक्षरी नंतर, हा क्रम सयुक्तिक होता. स्वाक्षरीने नोंद मूळ साठ्यातील आहे एवढे सिद्ध होते. मूळ साठ्यातच नाव चुकले असेल, तर ती चूकही स्वाक्षरीसह मिळते. अशी चूक दुरुस्त होण्यासाठी अर्ज, चौकशी व आदेश हाच मार्ग आहे, आणि तो गाव व तहसील ह्यांच्या दरम्यानच चालतो. तलाठीपदाचे नाव अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असे झाले, तरी हे अंतर नावाने बदलत नाही.

६

ह्या सर्व विवेचनाचे तात्पर्य असे. वेब ॲप्लिकेशन कोठे बसवावे ह्या प्रश्नाला एकच जागा हे उत्तर नाही. कारण तो एक प्रश्न नसून तीन आहेत. प्रणाली कोठे असावी, नोंद कोठे असावी आणि दुरुस्तीचा अधिकार कोठे असावा? जिल्ह्याच्या अवस्थेत प्रणाली व नक्कल एका ठिकाणी आणि अधिकार दुसरीकडे राहिला. तहसिलीच्या अवस्थेत तिन्ही एकत्र आले, पण सुरक्षितता गेली. मध्यवर्ती अवस्थेत प्रणाली व नोंद योग्य जागी स्थिरावली. अधिकार गावाजवळ किती राहतो, यावर तिचे अंतिम मूल्यमापन अवलंबून राहील. पहिल्या दोन जागा अभियंत्याने ठरवाव्यात. तिसरी कायद्याने ठरविलेली आहे आणि तंत्राच्या सोयीसाठी ती हलू देता कामा नये.

अखेर आपल्या शाखेच्या अभ्यासकांपुढील एका कर्तव्याचा निर्देश करणे अवश्य आहे. १९८८ पासून मध्यवर्ती साठा सिद्ध होईपर्यंतची जिल्हा व तहसील पातळीवरील माहिती हा ह्या इतिहासाचा मधला थर आहे. कोणते नाव कोणत्या टप्प्यावर बदलले, कोणती चूक कागदातील व कोणती स्थानांतरातील, हे त्याच थरावरून कळू शकेल. केंद्र शासनाच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मध्ये संगणकाने निर्माण केलेली सामग्रीही अभिलेखाच्या व्याख्येत घेतली आहे. असे असता जुन्या चकत्या, फिती व छापील याद्या यंत्रांबरोबर निकालात निघाल्या, तर मोडी कागदांच्या ऱ्हासाबद्दल आपण जी खंत करतो, तीच पुढील पिढीला आपल्याबद्दल करावी लागेल. कागदाला वाळवी लागण्यास वर्षे लागतात. चकती निरुपयोगी होण्यास तितका अवधी लागत नाही. वर्धा जिल्हा ह्या प्रयोगात देशात पहिल्या आठांत होता. त्या प्रयोगाची उरलेली साधने शोधून त्यांची सूची करण्याचे कामही येथूनच आरंभिले जावे, हे उचित होईल.